लिंक्ड लिस्टचा प्रोग्राम कोसळतो, अडकतो किंवा यादीच हरवतो: कुठून तपासायला सुरुवात करायची

मी सोलापुरात सी आणि डेटा स्ट्रक्चर शिकवतो. ॲरे, स्टॅक, क्यू इथपर्यंत वर्ग नीट चालतो. लिंक्ड लिस्टचं प्रॅक्टिकल आलं की ठिकठिकाणून एकच हाक येते, "सर, डिस्प्ले चालंना झालंय." डिस्प्ले म्हणजे यादी छापणारं फंक्शन. विजापूर रोडचा असो की अशोक चौकातला, घरी मराठी बोलणारा असो, तेलुगू असो की कन्नड, प्रत्येकाचा प्रोग्राम त्याच चार-पाच जागी अडतो. सबमिशनच्या आदल्या रात्री फोन येतात तेही याच जागांचे. म्हणून तपासणीचा क्रम एकदा सविस्तर लिहून ठेवतोय.

सगळ्यात महत्त्वाची गोष्ट आधी सांगतो. लिंक्ड लिस्टमध्ये चूक होते ती दुवा (पुढच्या घटकाचा पत्ता) बदलताना, आणि दिसते ती यादी चालताना. डिस्प्लेमध्ये प्रोग्राम कोसळला म्हणून पोरं डिस्प्लेच्या सहा ओळी पुन्हापुन्हा वाचत बसतात. त्या सहा ओळी बहुतेक वेळा बरोबर असतात. बिघाड इन्सर्टमध्ये नाहीतर डिलीटमध्ये आधीच होऊन गेलेला असतो, डिस्प्ले फक्त त्यात पाय घालतो. खालची प्रत्येक तपासणी ही "दुवा कुठे बिघडला" हे शोधायची आहे.

ज्यांची उजळणी व्हायची आहे त्यांच्यासाठी थोडक्यात. ॲरेमध्ये घटक मेमरीत एकाला लागून एक बसलेले असतात, त्यामुळे पाचवा घटक कुठे आहे ते गणितानेच कळतं. लिंक्ड लिस्टचे नोड मेमरीत कुठेही पडलेले असतात. प्रत्येक नोडमध्ये दोन गोष्टी: किंमत आणि पुढच्या नोडचा पत्ता, म्हणजे नेक्स्ट. पहिल्या नोडचा पत्ता हेडमध्ये असतो, शेवटच्या नोडच्या नेक्स्टमध्ये नल, म्हणजे "पुढे काही नाही" ही खूण असते. असा पत्ता ठेवणाऱ्या जागेला पॉइंटर म्हणतात. मधला एक पत्ता हरवला की पुढची यादी मेमरीत जिथल्या तिथे असते, पण तिथवर जायची वाट उरत नाही. ही रचना १९५५-५६ च्या सुमारास ॲलन न्यूएल, क्लिफ शॉ आणि हर्बर्ट सायमन यांनी रँड कॉर्पोरेशन या अमेरिकन संशोधन संस्थेत आयपीएल (इन्फर्मेशन प्रोसेसिंग लँग्वेज) या भाषेसाठी तयार केली. तर्कशास्त्रातली प्रमेयं सिद्ध करणारा प्रोग्राम त्यांना लिहायचा होता, आणि चालता चालता किती जागा लागेल ते आधी सांगता येत नव्हतं. लागेल तसा एकेक नोड मागायचा आणि जोडायचा, ही सोय त्या गरजेतून आली. सी भाषेत ही जोडणी पूर्णपणे आपल्या हातात असते, म्हणून चुकाही आपल्याच हातून होतात.

उदाहरणाला आपल्याच रेल्वेमार्गावरची स्टेशनं घेऊ: कुर्डुवाडी, माढा, सोलापूर. मग माढा आणि सोलापूरच्या मधे मोहोळ घालायचं आहे. कोडच्या ओळी इथे देवनागरीत लिहिल्या आहेत, तुमच्या फाइलमध्ये जी नावं असतील ती घ्या.

लक्षणं

- यादी छापायला गेलं की प्रोग्राम मधेच बंद पडतो. लिनक्सवर "सेगमेंटेशन फॉल्ट" येतं आणि एक्झिट कोड १३९ असतो. विंडोजवर कोडब्लॉक्स (ज्यात आपण कोड लिहून चालवतो ते सॉफ्टवेअर) -१०७३७४१८१९ हा आकडा दाखवतो. दोन्हींचा अर्थ एकच, जी मेमरी आपली नाही तिथे प्रोग्राम गेला.
- छपाई थांबतच नाही: कुर्डुवाडी, माढा, मोहोळ, मोहोळ, मोहोळ...
- तीन नावं टाकली तरी "यादी रिकामी आहे" येतं.
- तीन नोड दिसतात, पण तिन्हींत शेवटचंच नाव.
- शेवटचा नोड छापला जात नाही, किंवा शेवटी एक कचरा किंमत येते.
- नोड काढल्यावरही तो दिसतो, किंवा "डबल फ्री" (एकच जागा दोनदा सोडली) असा संदेश येऊन प्रोग्राम थांबतो.
- घरच्या लॅपटॉपवर चालतो, लॅबमध्ये चालत नाही.

हे शेवटचं लक्षण सांगताना विद्यार्थी लॅबच्या मशीनला दोष देतात. मशीनचा दोष क्वचित असतो. चूक दोन्हीकडे असते, एकीकडे ती झाकली जाते एवढंच. का झाकली जाते ते पुढे येईल.

कंपायलर काय सांगतोय ते आधी वाचा

याला एक मिनिट लागतं आणि एक पैसाही लागत नाही. जीसीसी या कंपायलरला सगळ्या वॉर्निंग दाखवायचा पर्याय द्या, कोडब्लॉक्समध्ये कंपायलर सेटिंगमध्ये त्याची चौकट टिक करा, आणि पुन्हा कंपाइल करा. "एरर नाही, फक्त वॉर्निंग आहेत" असं म्हणून पुढे जाऊ नका. लिंक्ड लिस्टमध्ये निम्मी उत्तरं त्या वॉर्निंगमध्येच असतात.

पहिली बघायची ती अटीतल्या एका समान चिन्हाची. "इफ (हेड = नल)" लिहिलं की तुलना होत नाही, हेडमध्ये नल भरला जातो. भरलेली किंमत नल, म्हणजे अट खोटी, म्हणून "यादी रिकामी" हा संदेशही येत नाही आणि खालचा लूपही काही छापत नाही. हेड ग्लोबल असेल तर पूर्ण यादी कायमची गेली. दोन समान चिन्हं हवीत. कंपायलर ही जागा बोट ठेवून दाखवतो.

दुसरी, फंक्शनची ओळख आधी करून न दिल्याची. मॅलॉक, म्हणजे मेमरीत जागा मागणारं फंक्शन, त्यासाठी लागणारी एसटीडीलिब ही हेडर फाइल जोडलेली नसते. जुन्या सीच्या नियमाने अशा अनोळखी फंक्शनचं उत्तर इंट धरलं जातं. ६४ बिटच्या मशीनवर पत्ता आठ बाइटचा आणि इंट चार बाइटचा, मग पत्त्याचा अर्धा भाग कापला जाऊ शकतो. जीसीसीच्या २०२४ मध्ये आलेल्या चौदाव्या आवृत्तीपासून ही वॉर्निंग न राहता थेट एरर झाली आहे. लॅबमध्ये नवा कंपायलर आणि घरी जुना असेल तर "घरी चालतं" याचं कारण इथेच सापडेल.

आणि टर्बो सीबद्दल. अजूनही बरेच जण डॉसबॉक्समध्ये टर्बो सी हा डॉसच्या काळातला जुना कंपायलर चालवतात. डॉसमध्ये मेमरीला राखण नव्हती. नल पत्त्यावरून वाचलं तरी प्रोग्राम मुकाट पुढे जायचा. लिहिलं तर फार तर शेवटी "नल पॉइंटर असाइनमेंट" अशी एक ओळ यायची. त्यावर "चाललेला" प्रोग्राम जीसीसीवर पहिल्याच फेरीत कोसळतो. जीसीसीच बरोबर सांगतोय. माझं स्पष्ट मत आहे की लिंक्ड लिस्ट टर्बो सीवर शिकूच नये, कारण तो चुका लपवतो.

कागदावर तीन नोड काढा

संगणकापासून दूर व्हा. तीन चौकोन काढा, प्रत्येकाला खोटा पत्ता द्या: १००, २००, ३००. हेडच्या चौकोनात १०० लिहा. आता आपल्या फंक्शनची एकेक ओळ वाचा आणि ती सांगते तेवढंच कागदावर बदला. आपल्याला काय करायचं होतं ते बदलायचं नाही, ओळ काय म्हणते तेच बदलायचं. मुलांना हे कंटाळवाणं वाटतं, पण माझ्यासमोर ज्यांनी हे मन लावून केलं त्यातल्या बहुतेकांना पुढच्या तपासण्यांची गरजच पडली नाही.

हेच चित्र पाच प्रसंगांसाठी काढा: रिकामी यादी, एकच नोड, पहिल्या जागी बदल, शेवटच्या जागी बदल, आणि यादीत नसलेलं नाव शोधणं. मधल्या जागेचं कोड सगळ्यांचं बरोबर असतं, कारण पुस्तकातलं चित्र मधल्या जागेचंच असतं. परीक्षक मात्र रिकाम्या यादीवर डिलीट चालवून बघतात.

पत्ते छापा

डिस्प्लेमध्ये नुसतं नाव छापू नका. प्रत्येक नोडसाठी तीन गोष्टी एका ओळीत छापा: नोडचा स्वतःचा पत्ता, नाव, आणि नेक्स्टमधला पत्ता. प्रिंटएफमध्ये पत्त्यासाठी "परसेंट पी" आहे. लूप थांबत नसेल तर तात्पुरता वीस फेऱ्यांचा मोजणारा लावा. तो तपासणीपुरताच ठेवायचा, काम झालं की काढायचा. तो तसाच ठेवून "आता बरोबर चालतं" म्हणणारे भेटतात, पण तेव्हा यादीतला बिघाड जिथल्या तिथे असतो.

आता वाचा. प्रत्येक ओळीतला नेक्स्ट हा खालच्या ओळीतला स्वतःचा पत्ता असायला हवा. एखाद्या नोडचा नेक्स्ट त्याचाच पत्ता दाखवत असेल तर तो नोड स्वतःकडेच वळला आहे. सगळ्या नोडचा पत्ता सारखाच असेल तर मॅलॉक लूपच्या बाहेर एकदाच झालाय आणि तोच नोड पुन्हापुन्हा भरला जातोय. पत्ते वेगळे पण नाव सगळीकडे शेवटचंच असेल, तर नोडमध्ये नाव साठवलेलंच नाही. इनपुटच्या ॲरेचा पत्ता साठवला आहे, आणि तो ॲरे प्रत्येक स्कॅनएफला बदलतो. यावर उपाय म्हणजे नोडमध्ये तीस अक्षरांचा ॲरे ठेवणं आणि स्ट्रिंग-कॉपीने नाव त्यात उतरवणं.

या एका छपाईने "कोसळतंय" हे धूसर लक्षण "तिसऱ्या नोडचा नेक्स्ट चुकलाय" इतकं नेमकं होतं. आता त्या नोडला शेवटचं कोणी हात लावला तेवढंच बघायचं.

नवा नोड पूर्ण भरला आहे का

मॅलॉक जागा देतो, पुसून देत नाही. त्यामुळे नवा नोड घेतला की लगेच, दुसरं काहीही करायच्या आधी, "नवा->नेक्स्ट = नल". हे न करताही प्रोग्राम कित्येकदा चालतो, आणि त्यामुळेच ही चूक महिनोन्महिने टिकते. ऑपरेटिंग सिस्टिमकडून नवी कोरी मेमरी येते तेव्हा ती शून्याने भरलेली असते, म्हणून नेक्स्ट योगायोगाने नल असतो. एकदा का काही नोड फ्री केले, म्हणजे त्यांची जागा परत सोडली, आणि तीच जागा मॅलॉकने परत दिली, की तिथे जुना कचरा असतो. म्हणून "फक्त इन्सर्ट केलं तर चालतं, डिलीट करून पुन्हा इन्सर्ट केलं की कोसळतं" असं कोणी सांगितलं की मी आधी ही ओळ शोधतो. शून्याने भरलेली जागा हवी असेल तर कॅलॉक वापरता येतो, पण नल लिहायची सवय त्याहून चांगली.

दुसरी बघायची गोष्ट, किती जागा मागितली. साइझऑफमध्ये स्ट्रक्ट नोड हवा, तिथे चुकून तारा चिन्ह पडलं की नोडऐवजी पॉइंटरचं माप जातं: आठ बाइट. तीस अक्षरांचं नाव आणि पॉइंटर मिळून ६४ बिटच्या मशीनवर नोड ४० बाइटचा होतो. लिनक्सवरची ग्लिबसी, म्हणजे मॅलॉक जिच्यात असतो ती सीची लायब्ररी, आठ मागितले तरी वापरायला २४ बाइट देते. इंट आणि पॉइंटरचा साधा नोड १६ बाइटचा, तो त्यात मावतो आणि चूक झाकली जाते. नावाचा नोड मात्र शेजारच्या जागेवर पसरतो, आणि प्रोग्राम कोसळतो तो नंतर कधीतरी भलत्याच फंक्शनमध्ये.

दोन ओळींचा क्रम

मोहोळ घालताना दोन ओळी लागतात:

नवा->नेक्स्ट = माढा->नेक्स्ट;
माढा->नेक्स्ट = नवा;

याच क्रमाने. उलट केलं तर काय होतं? आधी माढ्याच्या नेक्स्टमध्ये मोहोळचा पत्ता गेला, म्हणजे सोलापूरचा पत्ता पुसला गेला. मग "नवा->नेक्स्ट = माढा->नेक्स्ट" या ओळीला तिथे मोहोळचाच पत्ता मिळतो. मोहोळ स्वतःकडे वळतो, सोलापूर हरवतं, आणि छपाईत मोहोळ, मोहोळ, मोहोळ सुरू होतं.

ज्यांच्या घरी माग आहे त्या मुलांना हे मी एका वाक्यात सांगतो. बीम (ताण्याचे धागे गुंडाळलेला रूळ) संपत आला की नव्या बीमचा धागा आधी जुन्या धाग्याला गाठतात, आणि मगच जुना सोडतात. आधी सोडला तर तो फणीतून निसटतो आणि पुन्हा ओवत बसावं लागतं. नवा नोड आधी पुढे जोडा, मग मागचा दुवा हलवा.

डबली लिंक्ड लिस्टमध्ये हेच चार ओळींचं होतं, कारण मागचे दुवेही आहेत. तिथेही नियम तोच: आधी नव्या नोडचे दोन्ही हात भरा, मग शेजाऱ्यांचे. मागच्या दुव्याची एखादी ओळ राहिली तर पुढून यादी बरोबर छापली जाते आणि मागून चुकते. म्हणून डबली असेल तर छपाई दोन्ही दिशांनी करून बघायचीच.

हेड खरोखर बदलला का

"तीन नावं टाकली तरी यादी रिकामी" याचं सगळ्यात नेहमीचं कारण हे आहे. सीमध्ये फंक्शनला दिलेल्या गोष्टीची प्रत जाते. इन्सर्टला हेड दिला, त्याने आपल्याजवळची प्रत बदलली, फंक्शन संपलं, प्रत गेली. मेनमधला हेड अजून नलच आहे. "पण सर, हेड तर पॉइंटर आहे ना?" हा प्रश्न दरवेळी येतो. हो, पॉइंटर आहे, आणि त्या पॉइंटरचीच प्रत जाते. तो ज्या नोडकडे बोट दाखवतो त्याच्या आतलं काही बदललं तर ते बाहेर दिसतं. पण बोटच दुसरीकडे वळवलं तर ते फक्त आतल्या प्रतीचं वळतं.

दोन उपाय आहेत. फंक्शनने नवा हेड परत द्यावा आणि मेनमध्ये "हेड = इन्सर्ट(हेड, नाव)" लिहावं. किंवा हेडचा पत्ता द्यावा, म्हणजे दोन ताऱ्यांचा पॉइंटर. शिकणाऱ्याने पहिला वापरावा असं मला वाटतं. दोन तारे नीट समजायला वेळ लागतो, आणि तोवर मुलं तारे कमी-जास्त करून कंपाइल होतंय का ते बघत राहतात. तिसरा मार्ग, हेड ग्लोबल करणं, प्रॅक्टिकल पुरता निभावतो. दोन याद्या एकत्र करायचा प्रश्न आला की तो तिथेच थांबतो.

पहिल्याच नोडच्या आधी घालणं आणि पहिलाच नोड काढणं, या दोन प्रसंगांत हेड बदलतो. बाकी वेळी बदलत नाही. त्यामुळे ही चूक कधी दिसते, कधी नाही.

लूप कुठे थांबतो

दोन अटी आहेत आणि दोन्हींचं काम वेगळं. यादीवर चालणाऱ्या पॉइंटरला टेम्प म्हणू. सगळी यादी छापायची असेल तर "टेम्प नल नाही तोवर". शेवटच्या नोडवर उभं राहायचं असेल, म्हणजे मागे नवा जोडायला, तर "टेम्प->नेक्स्ट नल नाही तोवर". छापताना दुसरी वापरली तर शेवटचं स्टेशन गळतं. जोडताना पहिली वापरली तर लूप संपतो तेव्हा टेम्पच नल असतो आणि पुढच्या बाणावर (-> या चिन्हावर) प्रोग्राम कोसळतो. आणि दुसरी अट रिकाम्या यादीवर लावली तर पहिल्याच तपासणीला कोसळतो, म्हणून हेड नल आहे का हे तिच्या आधी बघायचं.

शोधताना दोन अटी जोडतो: टेम्प नल नाही आणि नाव जुळत नाही. नलची अट डावीकडेच हवी. सी डावीकडून वाचतो, पहिली अट खोटी निघाली की दुसरी बघतच नाही. उलट लिहिलं तर यादीत नसलेलं नाव शोधताना नलच्या आत डोकावायला जातो.

नल ही कल्पना १९६५ मध्ये टोनी होअर यांनी अल्गोल डब्ल्यू भाषेत आणली, आणि २००९ मधल्या भाषणात तिला स्वतःची अब्ज डॉलरची चूक म्हटलं. प्रत्येक बाणाआधी "डावीकडचा नल असू शकतो का?" हा प्रश्न आपल्यालाच विचारावा लागतो, भाषा विचारत नाही. पण म्हणून प्रत्येक ओळीआधी डोळे झाकून नलची तपासणी घालू नका. नल तिथे यायलाच नको होता अशा जागी ती घातली तर प्रोग्राम कोसळायचा थांबतो आणि चुकीचं उत्तर देऊ लागतो. ते जास्त वाईट.

फ्री केल्यानंतर

सगळी यादी मोकळी करताना "फ्री(टेम्प)" आणि मग "टेम्प = टेम्प->नेक्स्ट" असं लिहिलेलं मला सतत दिसतं. आपण ज्या नोडचा ताबा सोडला त्याच्याच आतून पुढचा पत्ता वाचतोय. पुढचा पत्ता आधी दुसऱ्या पॉइंटरमध्ये घ्या, मग फ्री करा.

फ्री जागा पुसत नाही, म्हणून कित्येकदा जुनी किंमत तशीच दिसते आणि चूक लपते. पण काही ठिकाणी ती बदलते. ग्लिबसी मोकळ्या झालेल्या लहान तुकड्यांची स्वतःची एक लिंक्ड लिस्ट ठेवते आणि तिचे दुवे त्या मोकळ्या तुकड्यांच्या आतच लिहिते. नव्या आवृत्त्यांत तुकड्याचे पहिले सोळा बाइट त्यासाठी जातात. इंट आणि नेक्स्टच्या नोडमध्ये आपला नेक्स्ट नेमका त्या सोळात येतो, त्यामुळे फ्रीनंतर वाचला की कचरा पत्ता मिळतो. नावाच्या नोडमध्ये नेक्स्ट मागे असतो, म्हणून तो बचावतो आणि फक्त नाव विस्कटतं. एकच चूक एका मशीनवर कोसळते आणि दुसरीवर चालते, ती अशा कारणांनी.

मधला नोड काढताना त्याच्या आधीच्या नोडवर पकड हवी. आधी मागच्याला पुढच्याशी जोडा, मग फ्री करा. त्या नोडकडे दुसराही पॉइंटर बघत असेल, समजा टेल (शेवटच्या नोडचा पत्ता) ठेवला असेल आणि शेवटचाच नोड काढला असेल, तर टेलही मागे आणा. "डबल फ्री" येतो तो बहुतेक अशा विसरलेल्या दुसऱ्या पॉइंटरमुळे.

यादी मोकळी करायला रिकर्जन (फंक्शनने स्वतःलाच बोलावणं) वापरू नका. कागदावर ते सुंदर दिसतं, पण प्रत्येक नोडमागे स्टॅकवर जागा जाते. विंडोजवर मुख्य स्टॅक सहसा १ ते २ एमबीचा, लिनक्सवर ८ एमबीचा. लाखभर नोडच्या यादीला विंडोजवर तो सहज संपतो. साधा लूप लावा.

यादीत फास पडला आहे का

पत्ते छापून कळत नसेल, यादी मोठी असेल, तर फ्लॉइड यांच्या नावाने ओळखली जाणारी युक्ती वापरा. हेडपासून दोन पॉइंटर सोडा, एक प्रत्येक फेरीत एक नोड पुढे जातो, दुसरा दोन. फास नसेल तर वेगवान पॉइंटर नलला पोचतो. असेल तर दोघे फासात शिरल्यावर त्यांच्यातलं अंतर प्रत्येक फेरीला एकने कमी होतं, म्हणून ते भेटतातच. भेटल्यावर एकाला हेडवर परत आणा आणि दोघांना एकेक नोड चालवा. जिथे पुन्हा भेटतील तिथे फास सुरू होतो. वेगवान पॉइंटरसाठी तो स्वतः आणि त्याचा नेक्स्ट दोन्ही नल नाहीत हे तपासायला विसरू नका. सर्क्युलर लिस्टमध्ये फास मुद्दाम असतो. तिथे फिरून हेडवर आलो की थांबायचं.

शेवटी हत्यारं

इथवर सापडलं नाही तर लिनक्सवर जीसीसीचं ॲड्रेस सॅनिटायझर (मेमरीचा चुकीचा वापर पकडणारी सोय) लावा आणि डीबगची माहितीही सोबत कंपाइल करा. मिनजीडब्ल्यू या जीसीसीच्या विंडोजवरच्या रूपात ही सोय सहसा मिळत नाही, त्यासाठी डब्ल्यूएसएल (विंडोजमध्येच लिनक्स चालवायची सोय) टाका किंवा लिनक्स असलेल्या मशीनवर बसा. फ्री झालेली जागा वापरली तर सॅनिटायझर तीन जागा सांगतो: वापर कुठे झाला, जागा फ्री कुठे झाली, आणि मुळात घेतली कुठे. चूक दिसते कुठे आणि झाली कुठे, हे दोन्ही ओळ क्रमांकासह समोर येतं. सॅनिटायझर सहसा पहिल्याच चुकीला थांबतो, तो अहवाल नीट वाचा. हे जमलं नाही तर व्हॅलग्रिंड हे मेमरी तपासणारं दुसरं हत्यार वापरा. तो प्रोग्राम खूप हळू चालवतो, पण नल न भरलेला नेक्स्टही पकडतो.

हे मी शेवटी ठेवलंय याचं कारण आहे. चित्र डोक्यात नसताना अहवाल वाचला तर त्यातली ओळ कशीतरी गप्प करायचा मोह होतो.

जावा किंवा पायथनमध्ये करणाऱ्यांना मॅलॉक-फ्रीचा आणि सीच्या हत्यारांचा भाग सोडून बाकी बहुतेक लागू आहे. तिथे सेगमेंटेशन फॉल्टच्या जागी नल पॉइंटर एक्सेप्शन किंवा "नन टाइप"ची तक्रार येते. जावाच्या चौदाव्या आवृत्तीपासून, २०२० पासून, नेमका कोणता भाग नल होता तेही संदेशात मिळू शकतं.

कुठे थांबायचं

तीन ओळींचा साधा प्रोग्रामही कोसळत असेल तर लिंक्ड लिस्ट सोडा. अँटिव्हायरस तुमची तयार झालेली फाइल उचलून नेतोय का ते बघा, नाहीतर कंपायलर नीट बसलेला नाही. लॅब असिस्टंटला बोलवा. इतर प्रोग्रामही अधूनमधून बंद पडत असतील, मशीन आपोआप रीस्टार्ट होत असेल, तर रॅम तपासायला हार्डवेअरवाल्याकडे द्या. स्वतः उघडू नका.

यादीवर दोन थ्रेड (एकाच प्रोग्रामची समांतर चालणारी कामं) एकाच वेळी काम करत असतील तर वरच्या तपासण्या अपुऱ्या आहेत. चूक वेळेवर अवलंबून असते, पत्ते छापायला लागलं की ती गायबही होते. तिथे लॉकिंग जाणणारा माणूस हवा. कर्नल मॉड्यूल किंवा मायक्रोकंट्रोलरवरच्या कोडचंही तसंच.

आणि जे सॉफ्टवेअर चालू धंद्यात आहे त्याला हात लावू नका. आपल्याकडे टॉवेलच्या कारखान्यात, अडत दुकानात कोणीतरी कधीकाळी सीमध्ये लिहून दिलेला हिशेब अजून चालतो, आणि "तुला येतं ना, जरा बघ" म्हणून घरातल्या इंजिनिअरिंगच्या पोराला बसवतात. तिथे आधी डेटाच्या फाइलची प्रत दुसऱ्या डिस्कवर घ्या, प्रोग्राम बंद करा, आणि ज्याने लिहिला त्याला किंवा अनुभवी प्रोग्रामरला बोलवा. बिघडलेली यादी फाइलमध्ये पुन्हा लिहिली गेली तर मूळ नोंदी जातात, आणि त्या परत आणायचं काम या लेखातल्या कुठल्याच तपासणीने होत नाही.

कॉलेजच्या असाइनमेंटसाठी माझी मर्यादा साधी आहे. चित्र काढलं, पत्ते छापले, सॅनिटायझरचा पहिला अहवाल वाचला, आणि तरी तासाभरात कळलं नाही, तर सर-मॅडमना विचारा. येताना सोबत आणा: पूर्ण कोड, नेमकं कोणतं इनपुट दिल्यावर कोसळतं ते, पत्त्यांची छपाई, आणि कागदावरचं चित्र. मोबाइलवर काढलेला स्क्रीनचा तिरका फोटो पाठवू नका, कोडची फाइलच पाठवा.